झटका मशीन लावल्यापासून हौदाच्या नळाला पण झटका येतोय, काय करावं?

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. जंगलाच्या कडेला चार एकर आहे आपलं, सोयाबीन अन् तूर, मागून हरभरा. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी दोन वर्षं धड पीक घरी आलं नाही, जागल करून करून बाबांची तब्येत गेली, म्हणून मागच्या दिवाळीला सोलर झटका मशीन घेतली. बारा व्होल्टची बॅटरी, वर प्लेट, चारी बाजूनं पाच तारा. उन्हाळाभर मस्त चाललं, डुकरं धुऱ्यापर्यंत येऊन परत जायची, पायांचे ठसे दिसायचे सकाळी.

आता पावसाळा लागल्यापासून वेगळंच सुरू झालंय. आधी लोखंडी गेट उघडताना हाताला झटका बसला, म्हटलं तार लागली असेल कुठं. मग आठ दिवसांनी आई हौदावर हात धुवायला गेली तर म्हणे नळाला हात लावला की मुंग्या येतात, आम्ही म्हटलं बीपीची गोळी चुकली असेल. पण परवापासून म्हैस हौदावर पाणीच पीत नाही, तोंड नेते जवळ अन् एकदम मागं सरते, दोर तोडायला बघते. काल मी अनवाणी उभा राहून नळाला हात लावून पाहिला तर मलाही जाणवलं, जोरात नाही पण जाणवलं.

मशीन मोटारीच्या खोलीत आहे, स्टार्टरच्या बाजूलाच. बसवून देणारा म्हणाला होता की झटका मशीनचा करंट असतो, मरत नाही कोणी. पण आई रोज तिथं भांडी धुते. मशीन खराब झाली का? वॉरंटीत बदलून मागू का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त_वायरमन (सातारा)

भाऊ, आधी एक काम करा, वाचता वाचता उठा आणि आईंना सांगा की त्या नळाकडे जायचं नाही. म्हशीला घरून बादलीनं पाणी द्या. आणि तुम्ही परत हात लावून बघायचं नाही, उलट्या हातानं पण नाही, एका बोटानं पण नाही.

आता बोलू. तीस वर्षं लाइनीवर काढली आहेत म्हणून सांगतो, शेतात झटका बसला की पहिला प्रश्न एकच विचारायचा, झटका कसला होता. मशीनचा झटका टिक... टिक... टिक असा येतो, सेकंदाला एक किंवा त्याहून थोडा सावकाश. पाच ते दहा हजार व्होल्ट असतात त्यात पण एका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आणि प्रमाण मशीनमध्ये ताकद ५ जूलच्या वर जात नाही. म्हणून तो मारतो आणि सोडतो, माणूस जनावर मागं सरतं. लाइटीचा करंट तसा नाही, तो सेकंदाला पन्नास आवर्तनं सलग चालू असतो, हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटतच नाही. आपण म्हणतो ना चिकटला, तो हा.

तुम्ही लिहिलंय गेटला झटका बसला आणि नळाला मुंग्या येतात. झटका आणि मुंग्या ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. मला हेच खटकलं. आता मला तीन गोष्टी सांगा. एक, नळाचं ते टिक टिक करत येतं का सलग? दोन, लाइट नसताना पण येतं का? तीन, मशीनची अर्थिंगची तार कुठं बांधली आहे?

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

काका एवढ्या लवकर उत्तर दिलं, आभारी आहे. आईला सांगितलं, नळाला कपडा बांधून ठेवला म्हणजे कोणी हात लावणार नाही.

टिक टिक का सलग ते नीट आठवत नाही, मी लगेच हात काढला. आईला विचारलं तर ती म्हणते कधी कधी टिचक्या मारल्यासारखं अन् कधी नुसत्या मुंग्या. लाइटीचं लक्षात नाही आलं कधी, आमच्याकडं एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री असते लाइट. अर्थिंगची तार स्टार्टरची जी अर्थिंग आहे तिलाच जोडलेली आहे, एकच रॉड आहे, अडीच फूट असेल, खोलीच्या मागं. त्यालाच हौदापर्यंत जाणारा जीआय पाइप पण बांधलेला आहे कारण पहिल्या वायरमननं तसं करून दिलं होतं. बोअरची केसिंग प्लास्टिकची आहे.

निवृत्त_वायरमन (सातारा)

बघा म्हणजे मशीन खराब नाही, जोडणीच चुकली आहे.

झटका मशीनचं काम कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे बाकीच्यांना पण उपयोग होईल. मशीनला दोन तोंडं, एक जातं कुंपणाच्या तारेला आणि दुसरं जमिनीत. डुकरानं तारेला नाक लावलं की झटका तारेतून डुकराच्या अंगातून पायातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनच्या अर्थिंगच्या रॉडकडे येतो. म्हणजे प्रत्येक झटका शेवटी त्या रॉडवर परत येणार. तुमचा रॉड अडीच फुटाचा, त्याला जमीन नीट धरतच नाही, त्यामुळं परत आलेल्या झटक्याचे व्होल्ट रॉडवर चढतात आणि रॉडला बांधलाय पाइप, पाइपाला नळ, स्टार्टरची पेटी पण त्यालाच. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकलं, ते ओलं, त्यामुळं डुक्कर नसलं तरी गवतातून प्रत्येक टिकेला करंट जमिनीत जातोय आणि प्रत्येक टिकेला तुमच्या नळाला येतोय. म्हणून उन्हाळ्यात त्रास नव्हता.

उपाय सोपा आहे. मशीनची अर्थिंग स्टार्टरपासून पूर्ण तोडा. मशीनसाठी वेगळे तीन जीआय रॉड, प्रत्येकी सहा फूट, एकमेकांपासून दहा दहा फुटांवर, ओलाव्याच्या जागी म्हणजे नाल्याच्या काठाला वगैरे ठोका आणि तिन्ही जोडा. स्टार्टरच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब पाहिजेत, त्याच्यापेक्षा जवळ नको. तुमची काळी जमीन आहे, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला माती सोडते, तेव्हा मार्च एप्रिलला रॉडच्या बुडाशी पाणी ओतत जा.

पण हे झालं टिचकीचं. मुंग्यांचं अजून राहिलंय. त्यासाठी मशीन पूर्ण बंद करा, बॅटरीची तार काढा, आणि लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून लाइट चालू असताना पाइप आणि ओली जमीन यांच्यामध्ये व्होल्ट मोजायला सांगा. हे स्वतः करू नका. मशीन चालू असताना साधं मीटर लावायचं नाही, त्या झटक्यानं मीटर जातं.

बागायतदार_पोरगा (जि. बीड)

एवढ्या भानगडी कशाला करायच्या राव, हजारो रुपये घालून मशीन घ्या, रॉड ठोका, बॅटरी दोन वर्षात बसते. आमच्या इकडं बरेच जण शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सरळ लाइट देतात तारेला रात्री. बल्ब मधी असल्यामुळं करंट कमी होतो, डुकराला बसतो पण माणसाला काय होत नाही. खर्च शंभर रुपये.

निवृत्त_वायरमन (सातारा)

पोरा, तू चांगल्या मनानं लिहिलंस हे मला माहीत आहे, पण हे कोणी वाचून करेल म्हणून हात जोडून सांगतो, हे करू नका.

हिशेब मांडतो. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे ४३० मिलीअँपिअर. माणसाच्या छातीतून ३० मिलीअँपिअर थोडा वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो, म्हणून तर घरात बसवायचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप लाइट तोडणारा स्विच, ३० वर तुटतो. आणि बल्ब थंड असताना त्याची तार करंटला अडवतच नाही म्हटलं तरी चालेल, पेटून तापला की मगच अडवतो. ओल्या अंगाचा माणूस हजार ओहम धर, बल्ब आणि माणूस मिळून त्याच्या अंगातून दोनशेच्या आसपास मिलीअँपिअर जाणार. बल्ब लागणार सुद्धा नाही नीट, नुसता मिणमिणेल, आणि माणूस तारेला चिकटून असेल. बल्बानं वाचतो तो फक्त डीपीचा फ्यूज.

मी नोकरीत असताना असे पंचनामे पाहिलेत. सकाळी सकाळी फोन यायचा, जाऊन बघितलं तर तारेजवळ चप्पल आणि हातातली बॅटरी (टॉर्च) पडलेली असायची. त्यातला एकही माणूस चोर नव्हता, सगळे पाणी द्यायला निघालेले शेतकरी.

तुरीचं_रान (जि. वाशिम)

मी इथं फार लिहीत नाही, वाचत असते. पण बल्बाचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या चुलतदिराचं असंच झालं. रात्रपाळीची लाइट होती, हरभऱ्याला पाणी देत होते, बारा साडेबाराला पाणी बांध फोडून शेजारच्या रानात जायला लागलं म्हणून ते फोडलेलं तोंड बांधायला गेले. शेजाऱ्यानं त्याच दिवशी संध्याकाळी खाली एक बारीक बाइंडिंगची तार ताणून आकड्यावरून करंट सोडला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. अंधारात ती तार दिसत सुद्धा नाही हो. पाय चिखलात, अंगावर ओले कपडे. जाऊबाई सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. दोन पोरं आहेत, थोरला तेव्हा सातवीत होता.

शेजारी काही वाईट माणूस नव्हता, त्याचंही डुकरांनी सगळं उकरून टाकलं होतं. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला, वीजचोरीचा वेगळा, जमीन विकून वकील केला. दोन्ही घरं बसली. आता त्या दोन रानांच्या मधला धुरा तसाच पडीक आहे, कोणी जात नाही तिकडं.

भाऊ तुमची आई रोज तिथं भांडी धुते हे वाचून पोटात गोळा आला. वायरमन काका सांगतात तसं आजच्या आज करा.

बागायतदार_पोरगा (जि. बीड)

ताई माफ करा. आमच्या चुलत्यांकडे आहे तसं लावलेलं, आज संध्याकाळी जाऊन बोलतो. ऐकतील का माहीत नाही पण बोलतो.

वैनगंगाकाठ (जि. चंद्रपूर)

ब्रह्मपुरी भागातून लिहितो आहे. इथं तारेला सरळ लाइट देण्याचा, म्हणजे डायरेक्ट करंटचा विषय सगळ्यांना माहीत आहे कारण वाघ पण त्यातच गेले. गाजलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर होती त्याच्या, २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडं शेताच्या कुंपणाला लावलेल्या करंटनं मेला. त्याच साली ऑक्टोबरात आमच्या भागातून धरून बोर अभयारण्यात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात अशाच तारेवर गेली. तार लावणाऱ्यानं डुकरासाठीच लावली असते, पण तारेला काय कळते कोण आला. अन् रानडुक्कर पण वन्यजीव कायद्यातच येते, १९७२ चा, त्यामुळं डुक्कर मेलं तरी केस होते.

पण नुसतं करू नका करू नका म्हणून शेतकऱ्याचं पोट भरत नाही हेही खरं. बीडच्या भावानं खर्चाचं काढलं म्हणून सांगतो, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाच्या संचाला ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यातलं जे कमी ते अनुदान मिळते. जंगलालगतच्या गावांसाठी आहे. धुऱ्यावरचा भाऊ, तुमचं तर घेऊन झालं, पण शेजाऱ्यांना सांगा, वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन चौकशी करा म्हणा. सामायिक धुऱ्यावर दोघांनी मिळून घेतली तर आणखी बरं, कारण एकानं मशीन लावली की डुकरं दुसऱ्याच्या रानात घुसतात अन् मग दुसरा चिडून आकडा टाकतो. आमच्याकडं असंच होत आलंय.

पऱ्हाटीवाला (जि. नागपूर)

मी वेगळा मुद्दा टाकतो. माझ्या वावरावरून टॉवर लाइन गेली आहे मोठी. मशीन बंद करून बॅटरी काढली तरी कुंपणाला हात लावला की चुणचुण व्हायची. तीन महिने मशीनवाल्याशी भांडलो. नंतर एका इंजिनिअर पाहुण्यानं सांगितलं की मोठ्या लाइनीच्या खाली तिच्याच दिशेनं लांब तार नेली की हात न लागता तारेत व्होल्ट उतरतात. मग ती बाजू हलवली, आता लाइनीखालून कुंपण फक्त आडवं, काटकोनात जाते. त्रास गेला. कोणाच्या शेतावरून टॉवर असेल तर हेही बघा.

अन् काटेरी तारेला झटका जोडू नका कोणी. अंगात रुतली की माणूस असो का वासरू, सुटता येत नाही अन् टिकेटिकेला झटका खात राहते. काटेरी तार वेगळी, झटक्याची साधी तार वेगळी, इन्सुलेटरवर.

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

मंडळी, चार दिवसांनी लिहितो आहे, लाइट रात्रीची होती अन् वायरमन तालुक्याहून यायचा होता.

काका तुम्ही म्हणाले तसंच निघालं, दोन वेगळे करंट. मशीन बंद करून बॅटरी काढून ठेवली, मग त्यानं लाइट चालू करून मोटार चालू केली अन् पाइप अन् ओल्या जमिनीत मीटर लावलं तर ४० च्या वर व्होल्ट दाखवले. मशीन बंद असताना! मी बघतच राहिलो. मोटार बंद केली की शून्य. मग बोअरचं तोंड उघडलं, लोखंडी क्लँप जिथं आहे तिथं मोटारीची केबल घासून घासून आतली तांब्याची तार दिसायला लागली होती, वरची चिकटपट्टी कधीच निघून गेली होती. क्लँपला पाइप, पाइपाला नळ. मी त्याला विचारलं मग फ्यूज कसा नाही उडाला, तर तो म्हणे अडीच फुटाच्या रॉडमधून दोन चार अँपिअरच्या वर करंट जमिनीत जातच नाही, एवढ्यानं फ्यूजला कळत सुद्धा नाही, रॉड चांगला असता तर पहिल्याच दिवशी उडाला असता.

म्हणजे आम्ही महिनाभर झटका मशीनचा आहे, मशीनचा आहे म्हणून सोडून देत होतो अन् त्यात लाइटीचा लपून बसला होता. म्हैस पाणी पीत नव्हती तेव्हाच समजायला पाहिजे होतं. वायरमन म्हणाला जनावराला आपल्यापेक्षा आधी कळते, चार पाय ओल्या जमिनीत अन् ओलं नाक लोखंडाला.

आता केबलचा तेवढा तुकडा बदलून नवीन जॉइंट मारला, क्लँपजवळ रबरी नळी चढवली. स्टार्टरची नवी अर्थिंग केली, खड्डा करून कोळसा मीठ टाकून. ईएलसीबी बसवला. मशीनचे तीन रॉड नाल्याच्या काठी ठोकले, साठ एक फूट लांब आहेत स्टार्टरपासून. परत मोजलं, पाइपाला काही नाही. गेटचं निघालं ते वेगळंच, गेटच्या बाजूच्या अँगलचा इन्सुलेटर तडकला होता, तार थेट लोखंडाला टेकत होती. दोन इन्सुलेटर बदलले. खालच्या तारेखालचं गवत कापलं पूर्ण.

निवृत्त_वायरमन (सातारा)

फार बरं वाटलं वाचून. आईंना नमस्कार सांगा.

दोन तीन गोष्टी अजून. खालची तार जमिनीपासून आठ नऊ इंचावर ठेवता ना, डुकरासाठी तेवढीच लागते, म्हणून गवत दर पंधरा दिवसांनी बघावं लागेल, पावसाळा संपेपर्यंत सुटका नाही. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूला पिवळे बोर्ड लावा, मराठीत लिहा आणि हाताचं चित्र काढा कारण गुरं राखणारी पोरं वाचतातच असं नाही. मजूर बायकांना पहिल्या दिवशी सांगायचं की तारेखालून वाकून जायचं नाही, डोक्याला झटका बसला तर मशीनचा असला तरी वाईट. गावात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांना लांबच ठेवा.

आणि देव न करो पण कोणी कधी लाइटीला चिकटलेलं दिसलं तर पळत जाऊन धरायचं नाही, आधी मेन स्विच. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडानं तार उडवायची, उभं राहायचं ते पण कोरड्या जागी. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. थांबायचं नाही गाडी येईपर्यंत.

बागायतदार_पोरगा (जि. बीड)

चुलत्यांनी काढली तार. आधी चिडले माझ्यावर, मग मी ताईंनी लिहिलेलं मोबाइलवर वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, सकाळी बघितलं तर तार गुंडाळून गोठ्यात ठेवलेली. पण काल रात्रीच डुकरं येऊन भुईमूग उकरून गेली. त्या योजनेसाठी आमचं गाव जंगलापासून लांब आहे, तरी मिळेल का? नाहीतर दोघा तिघांत मिळून एक मशीन घेतली तर किती एकराला पुरते?

वैनगंगाकाठ (जि. चंद्रपूर)

योजनेचं तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारावं लागेल, गावांची यादी त्यांच्याकडं असते. मशीन किती एकर हे तारेच्या लांबीवर अन् मशीनच्या जूलवर आहे. दहा एकराला पुरते म्हणून विकतात पण पाच तारा लावल्या की लांबी पाचपट होते, ते दुकानात मोजून विचारा. तोपर्यंत भुईमुगाला जागल करा बापा, दुसरा इलाज नाही.

तुरीचं_रान (जि. वाशिम)

काढली ना तार, लई चांगलं केलं. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा.

धुऱ्यावरचा भाऊ, म्हैस पाणी प्यायला लागली का?

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

नाही ना ताई. हौदाला आता काहीच नाही, मी स्वतः मीटर लावून पाहिलं दोनदा, पण ती जवळ गेली की अजून मागंच सरते. बादलीनं पाजतो आहे घरूनच. आई म्हणते आठ दिवस हौदाच्या काठावर बादली ठेवून पाज, मग हळूहळू तोंड घालीन.